काचेच्या खोलीतला उजेड: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

गच्चीवर काचेची खोली करून घेताना फॅब्रिकेटरशी चौरस फुटाच्या दरावरून आठ-आठ दिवस घासाघीस चालते. दिव्यांचा विषय निघतो तो खोली उभी राहिल्यावर. तोवर फ्रेमच्या पाइपांची तोंडं वेल्डिंगनं बंद झालेली असतात आणि छतावर पॉलीकार्बोनेटचा पत्रा चढलेला असतो. मग वायर न्यायला एकच वाट उरते, ती म्हणजे पांढऱ्या केसिंग-कॅपिंगची. ही पट्टी दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळी पडते आणि तडकते. एवढा खर्च करून केलेल्या खोलीत रात्री बसवत नाही, कारण मध्ये लोंबणाऱ्या पांढऱ्या ट्यूबनं डोळे दिपतात आणि बाहेरचं काहीच दिसत नाही.

हे टाळायला किती खर्च येतो, ते आधी सांगायला हवं. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत डोळ्यांना सुखाचा आणि पावसाळ्यातही सुरक्षित राहील असा उजेड करायला साधारण १२,५०० ते २४,००० रुपये लागतात. यातले साठ-सत्तर टक्के वायर, पाइप, आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि मजुरीत जातात, उरलेले दिव्यांत. बऱ्याच घरांत हा हिशेब उलटा होतो. दिवे महागातले येतात आणि वायरिंग घरात पडून असलेल्या तुकड्यांवर भागवलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: बजेट कमी असेल तर दिवे स्वस्त घ्या, वायरिंगला कात्री लावू नका. दिवा पुढच्या वर्षी बदलता येतो, बंद पाइपातली वायर सहज बदलता येत नाही.

सगळे हिशेब एका नमुन्याच्या खोलीचे आहेत: एका बाजूला घराची भिंत, तीन बाजूंना सरकत्या काचा, लोखंडी चौकोनी पाइपांच्या सांगाड्यावर पॉलीकार्बोनेटचं छत, आणि घरातल्या डीबीपासून, म्हणजे वीज वाटणाऱ्या मुख्य पेटीपासून, अंतर बारा मीटर. दर पुण्या-मुंबईच्या बाजारातले, ढोबळ आणि करासह आहेत. तांब्याचा भाव हलला की वायरचा दरही हलतो, त्यामुळे खरेदीच्या दिवशी दोन दुकानांत विचारून घ्याच. आणि एक अट सगळ्याच्या आधीची आहे. गच्ची किंवा बाल्कनी बंदिस्त करायला महापालिकेची परवानगी आणि सोसायटीची संमती हातात असू द्या. बेकायदा बांधकाम पाडलं गेलं तर वायरिंगचे पैसेही त्याबरोबर जातात.

काच रात्री आरसा होते

साधी काच तिच्यावर पडणाऱ्या उजेडातला जेमतेम आठ टक्के भाग परत फेकते. दिवसा बाहेरच्या लख्ख उजेडापुढे तो जाणवत नाही. रात्री बाहेर अंधार आणि आत दिवा असला की तेच आठ टक्के ठळक होतात. छताच्या मधोमध ट्यूब लावली की तिन्ही काचांत एकेक ट्यूब दिसते, समोरची टेकडी गायब होते, आणि पलीकडच्या इमारतीतल्या लोकांना मात्र आपण शोकेसमध्ये मांडल्यासारखे स्वच्छ दिसतो.

त्यात आणखी एक अडचण असते. घरातल्या खोलीत पांढरं छत आणि भिंती उजेड परत खोलीत टाकतात. इथे तो काचेतून आणि छतातून बाहेर निघून जातो. खोली अंधारी वाटते, म्हणून लोक जास्त वॅटचा दिवा लावतात, आणि प्रतिबिंब आणखी गडद होतं. खरा उपाय दिवा खाली आणण्यात आहे. बैठकीच्या खाली, कठड्याच्या आतल्या कडेला, कुंड्यांच्या मागे, म्हणजे बसलेल्या माणसाच्या नजरेच्या खाली दिवा असला की उजेड जमिनीवर आणि पानांवर पडतो, आणि प्रतिबिंब डोळ्यांसमोर येत नाही.

आकड्यांत मांडायचं तर खोली सुमारे ११ चौरस मीटरची आहे. गप्पा मारत बसायला १०० लक्स उजेड पुरतो, म्हणजे साधारण ११०० ल्युमेन. बाहेर निघून जाणारा उजेड धरून दुप्पट घ्या. चांगला एलईडी एका वॅटला ९० ते १०० ल्युमेन देतो, पण एलईडी पट्टीवरच्या दुधी आवरणात आणखी थोडा उजेड जातो. तरी बसायचे सगळे दिवे मिळून तीस ते चाळीस वॅटमध्ये काम होतं. यापेक्षा जास्त वॅटची यादी कुणी हातात दिली तर का, ते विचारा. वाचायला आणि शिवणकामाला जास्त उजेड लागतो, पण तो तेवढ्या जागेपुरता. त्यासाठी खुर्चीशेजारी एक टेबललॅम्प ठेवा, अख्खी खोली उजळू नका.

वायरमनला बोलावण्याआधी एक संध्याकाळ या कामाला द्या. नऊ वॅटचा वॉर्म बल्ब, वायर आणि टॉप जोडलेला एक होल्डर आणि घरातला एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. दोनशे रुपयांच्या आतलं हे सामान आहे. अंधार पडल्यावर बल्ब आधी छताच्या पाइपाला बांधा, रोज जिथे बसणार त्या खुर्चीत बसा आणि समोरच्या काचेकडे बघा. मग घरातल्या कुणाला तरी तोच बल्ब भिंतीशी पाच फुटांवर धरायला सांगा. नंतर तो खाली, मोठ्या कुंडीमागे ठेवा. कुठून प्रतिबिंब थेट डोळ्यांत येतं आणि कुठून बाहेरचं झाडही दिसत राहतं, ते लगेच कळतं. पसंत पडलेल्या जागांवर खडूनं खूण करा आणि वायरमनला त्या खुणा दाखवा. कागदावरच्या नकाशापेक्षा या खुणा जास्त उपयोगी पडतात.

नमुन्याच्या खोलीत माझी निवड अशी असेल: घराच्या भिंतीवर वर-खाली उजेड टाकणारे दोन छोटे वॉल लाइट, बैठकीच्या कडेखाली पाच मीटरची एलईडी पट्टी, आणि झाडलोट किंवा कुंड्या बदलण्यासाठी कोपऱ्यात एक वीस वॅटचा बल्कहेड, म्हणजे बंद आवरणाचा मजबूत दिवा. तिन्हींना स्वतंत्र बटण. बल्कहेड रोज लागणारच नाही, पण तो नसला की रात्री सांडलेली माती भरताना पंचाईत होते. बाहेरच्या कोपऱ्यात आकाशकंदिलासाठी एक हूक, होल्डर आणि त्याचं वेगळं बटण आत्ताच करून घ्या. दिवाळीत खिडकीच्या फटीतून वायर ओढली की सरकती काच ती हळूहळू कापत राहते.

रंगाच्या बाबतीत निर्णय सोपा आहे. बसायच्या दिव्यांना २७०० ते ३००० केल्विन, कामाच्या दिव्याला ४०००. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा दिवा इथे घेऊ नका. काचेत तो सगळ्यांत जास्त चमकतो, शिवाय किड्यांना ओढतो. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी उजेडाकडे झेपावते आणि सकाळी फरशीवर पंखांचा सडा असतो. पिवळसर, मंद आणि खालच्या दिव्याकडे किडे तुलनेनं कमी येतात, आणि किडे कमी म्हणजे पालीही कमी.

पाणी, ऊन आणि लोखंड

डब्यावर नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असेल तर ते पुरेसं नाही. आयपी आकडा बघा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी २० हा दिवाणखान्यातला दिवा. आयपी ४४ शिंतोडे सोसतो. आयपी ६५ मध्ये धूळ शिरत नाही आणि पाण्याचा फवाराही चालतो. काचेच्या खोलीत कुंड्यांना पाणी घातलं जातं आणि सरकत्या काचांच्या फटीतून तिरपा पाऊस येतोच, म्हणून आयपी ६५ च्या खाली जाऊ नका. घराच्या भिंतीला लागून, पाणी पोचणारच नाही अशा जागी आयपी ४४ चालेल.

पण दिवा कितीही चांगला असला तरी पाणी वायरीच्या अंगानं आत उतरतं. वायर दिव्यात वरून घालू नका. ती खालून घाला, आणि आत शिरण्याआधी तिला खाली छोटा झोल द्या, म्हणजे थेंब झोलाच्या टोकाला गळून पडतो. जिथे वायर आत जाते तिथे रबरी ग्लँड घट्ट बसलेलं असावं. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि नेमकं तेच राहून जातं. वायरमन शिडीवर असतानाच खाली उभं राहून बघून घ्या.

उन्हाचा मार पावसापेक्षा जास्त आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. एप्रिल-मे महिन्यांत पॉलीकार्बोनेटच्या छताखाली, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, हवा बाहेरच्याहून कितीतरी तापते. एलईडी बंद पडतो तो बहुधा ड्रायव्हरमुळे, म्हणजे त्याला योग्य वीज पुरवणाऱ्या सर्किटमुळे, आणि ड्रायव्हरला उष्णता सोसत नाही. त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मं होतं, हा त्या धंद्यातला नेहमीचा ठोकताळा आहे. म्हणून पट्टीचा ड्रायव्हर छताला चिकटवू नका. तो घराच्या आतल्या बाजूला किंवा भिंतीच्या सावलीत, हात पोचेल असा ठेवा. पट्टी ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्येच बसवा, म्हणजे तिची उष्णता धातूत उतरते. नुसती चिकटवलेली पट्टी उन्हाळ्यात गोंद सोडून लोंबते. पाच मीटरपेक्षा लांब पट्टी हवी असेल तर १२ व्होल्टऐवजी २४ व्होल्टची घ्या, नाहीतर शेवटचं टोक मंद दिसतं.

कोकणात आणि गोव्यात खारी हवा लोखंडी स्क्रू खाते. तिथे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि प्लास्टिक बॉडीचे बल्कहेड घ्या. फरक शे-दोनशे रुपयांचा पडतो.

कडक केलेल्या काचेला, म्हणजे टफन्ड ग्लासला, बसवल्यावर भोक पाडता येत नाही. ती अख्खी फुटते. पॉलीकार्बोनेटलाही जास्तीची भोकं पाडू नका, प्रत्येक भोक म्हणजे पुढच्या पावसाळ्यातली गळती. दिवे लावायचे ते भिंतीला, कठड्याला किंवा सांगाड्याच्या पाइपाला.

सांगाडा मात्र धातूचा आहे आणि फरशी बऱ्याचदा ओली असते. वायरीचं आवरण कुठे घासलं गेलं तर अख्खी खोली विजेखाली येऊ शकते. म्हणून तीन गोष्टींवर तडजोड नाही. सांगाडा अर्थिंगला जोडलेला हवा. खोलीला घरच्या डीबीतून स्वतंत्र एमसीबी हवा. आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवा. जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटमध्ये तेवढा फरक पडला, म्हणजे वीज कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जाऊ लागली, की तो सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. एमसीबी हे काम करत नाही. तो जादा भार आणि शॉर्ट सर्किटसाठी असतो. उलट आरसीसीबी जादा भार ओळखत नाही. त्यामुळे एक आहे म्हणून दुसरा वगळता येत नाही.

प्रत्यक्ष हिशेब

आधी न दिसणारा खर्च. दीड चौरस मिलिमीटरची आयएसआय खुणेची तांब्याची वायर, फेज, न्यूट्रल आणि अर्थ धरून, १,८०० ते २,८०० रुपये. एकाच रंगाचं अख्खं बंडल घेऊन तिन्ही कामं उरकायचा मोह दुकानातच आवरा. तीन रंगांची वायर मीटरवर कापून देणारी दुकानं आहेत, पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लोहार चाळीत चौकशी करा. जाड कंड्युट पाइप, जंक्शन बॉक्स, क्लँप आणि ग्लँड १,२०० ते २,००० रुपये. आरसीसीबी, एमसीबी आणि त्यांची पेटी २,००० ते ३,३००. स्विचबोर्ड आणि झाकणाचे दोन प्लग १,००० ते २,०००. एकूण सामान ६,००० ते १०,१०० रुपये.

मजुरी पॉइंटवर मोजली जाते. एका पॉइंटचे ३०० ते ६०० रुपये, आपल्याकडे सहा पॉइंट: दोन वॉल लाइट, पट्टी, बल्कहेड आणि दोन प्लग. डीबीपासून मुख्य वायर आणणं आणि पेटी बसवणं याचे वेगळे. सगळं धरून ३,००० ते ५,०००. आकाशकंदिलाचा पॉइंट यात धरलेला नाही, त्याचे आणखी चार-सहाशे.

आता दिवे. दोन वॉल लाइट १,००० ते ३,००० रुपये. पाच मीटर पट्टी ६०० ते १,५००, तिचं प्रोफाइल ७५० ते १,७५०, ड्रायव्हर ७०० ते १,५००. बल्कहेड ५०० ते १,०००. दिव्यांचे एकूण ३,५५० ते ८,७५०. अशी बेरीज साडेबारा ते चोवीस हजारांत बसते. अडीअडचणीला दहा टक्के बाजूला ठेवा. ड्रायव्हर पट्टीच्या वॅटपेक्षा किमान पाव पटीनं मोठा घ्या. पंचवीस वॅटच्या पट्टीला चाळीस वॅटचा ड्रायव्हर म्हणजे तो तापत नाही.

खर्च वाचवायची खरी जागा वेळेत आहे. सांगाडा जोडायच्या आधी फॅब्रिकेटर आणि वायरमन यांना एकत्र बोलवा. चौकोनी पाइपातून कंड्युट न्यायची जागा आणि भोकं तेव्हाच ठरली की नंतरची तोडफोड आणि बाहेरून फिरवलेल्या पट्ट्या वाचतात. वायर मात्र वेल्डिंग पूर्ण झाल्यावरच ओढायची, आधी ओढली तर ती आतल्या आत भाजते.

वापराचा खर्च किरकोळ आहे. चाळीस वॅट रोज चार तास म्हणजे महिन्याला ४.८ युनिट. हिशेबासाठी युनिटला १२ रुपये धरले तर ५८ रुपये. तुमचा खरा दर बिलाची रक्कम भागिले युनिट करून काढा. महिन्याचा वापर वाढला की वरचे युनिट पुढच्या टप्प्याच्या चढ्या दरानं मोजले जातात, हे लक्षात ठेवा. जुन्या घरांतून काढलेले पन्नास वॅटचे सहा हॅलोजन फुकट मिळतात म्हणून लावले, तर तेवढ्याच वेळात ३६ युनिट जळतात, म्हणजे महिन्याला ४३२ रुपये, आणि खोली तापते ती वेगळीच.

काय घेऊ नये, तेही सांगायला हवं. झाडं वाढवणारे जांभळे दिवे आपल्या हवेत बहुतेक घरांना लागत नाहीत. तीन बाजूंनी काच असताना ऊन पुरेसं मिळतं. उत्तरेकडची, समोर उंच इमारत असलेली खोली किंवा पावसाळ्यात रोपं करायची हौस असेल तरच एक चाळीस वॅटचा पांढरा ग्रो लाइट घ्या. हजार ते अडीच हजारांत मिळतो, आणि रोज बारा तास चालवला तर महिन्याला सुमारे १७३ रुपये खातो. सोलर दिवे शोभेला ठीक, पण पॅनेल छताखाली राहिलं तर नीट चार्ज होत नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये भरवसा नाही. डिमर हवा असेल तर ‘डिमेबल’ लिहिलेला दिवा आणि त्याला चालणारा डिमर अशी जोडीच घ्या. पंख्याच्या रेग्युलेटरवर एलईडी लावला तर तो लुकलुकतो आणि लवकर जातो.

वायरमनशी बोलताना पहिला प्रश्न पॉइंटचा विचारा: यात सामान धरलंय की फक्त मजुरी? दिवा लावून देणं यात आहे का? मुख्य वायरचे पैसे वेगळे का? उत्तरं कागदावर घ्या. दर कमी सांगून नंतर ‘हे त्यात नव्हतं’ असं होतं, ते याच तीन ठिकाणी. नव्या वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचा नियम आहे. परवाना बघायला मागण्यात संकोच नको. काम संपल्यावर त्याच्यासमोर आरसीसीबीचं ‘टेस्ट’ बटण दाबा. खोलीची वीज गेली पाहिजे. गेली नाही तर शेवटचा हप्ता देऊ नका.

दिवे पक्क्या बिलावर घ्या. एलईडीवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि तो वाचवायला कच्ची पावती घेतली की वॉरंटीचा दावा करायला हातात काही राहत नाही. डब्यावर बीआयएसचा ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून दुकानातच तपासा. ड्रायव्हरची वॉरंटी किती, ते बिलावर लिहून घ्या. पट्टी दोन वर्षांची आणि ड्रायव्हर सहा महिन्यांचा, असली जोडी उपयोगाची नाही.

दुकानदार वॉरंटी नाकारत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. बिल, वॉरंटी कार्ड आणि वायरमननं लिहून दिलेला अंदाज एका पाकिटात घालून जपून ठेवा, आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायला विसरू नका.